ताम्हणावरचं बोट

यंदा हरतालिकेच्या सकाळी आई ओटीवर ताम्हण मांडीवर घेऊन बसली होती आणि समोर माझी भाची मान खाली घालून उभी होती. आदल्या दिवशी दुपारभर आईने देवाची तांब्याची भांडी काढली होती. चिंचेचा कोळ, जाडं मीठ, वरून चाळलेली राख. घरात पितांबरी असते, पण ती आईच्या मते रोजच्याला, गणपतीला चिंचच. ताम्हण, पळी, पंचपात्र, तांब्या सगळं घासून, पुसून, ऊन नव्हतंच म्हणून चुलीच्या उबेला उपडं घालून ठेवलेलं. सकाळी ताम्हण उताणं केलं तर मधोमध, गुलाबी झालेल्या तांब्यावर, एक बोट उमटलेलं. नुसता डाग नव्हे. चक्राच्या रेषा मोजता याव्यात इतकं स्वच्छ, तपकिरी बोट. ‘हात लावू नको म्हणून सांगितलं होतं ना गो?’ आई म्हणाली. भाची म्हणाली, ‘मी नाही लावला.’ पण ती नऊ वर्षांची आहे, आणि आमच्या घरात जे सांडतं, फुटतं, हरवतं त्याची पहिली चौकशी तिच्याकडेच होते. वहिनी आतून म्हणाली, ‘खोटं बोलू नकोस.’ दादाने वर्तमानपत्रातून डोकं वर काढून तिच्याकडे पाहिलं आणि परत घातलं.

बोट माझं होतं.

रात्री पाणी प्यायला उठले तेव्हा चुलीपाशी ती भांडी दिसली. चुलीतल्या निखाऱ्यांचा उजेड ताम्हणाच्या कडेवर पडला होता. मी ते उचललं, उलटंपालटं करून पाहिलं, मधोमध बोट फिरवलं, परत उपडं ठेवलं आणि झोपायला गेले. सकाळी भाचीची उलटतपासणी चालू असताना मी खांबाला टेकून चहा पीत होते. ‘अगं आई, मीच’ एवढे तीन शब्द. चहा संपला होता तरी मी कप तोंडाला लावूनच ठेवला. का, ते मला अजून नीट सांगता येत नाही. चाळिशी ओलांडलेल्या, पुण्यात कॉलेजच्या मुलांना पदार्थविज्ञान शिकवणाऱ्या बाईला आई ताम्हणावरून ओरडेल अशी भीती वाटायचं खरं तर काही कारण नाही.

घामात मीठ असतं, कातडीवर तेल असतं. ताज्या घासलेल्या तांब्यावर ते लागलं की जिथे मीठ तिथे तांबं आधी काळवंडतं, आणि आमच्याकडची भाद्रपदातली हवा म्हणजे अर्धं पाणीच. एका रात्रीत ठसा उठला यात नवल नाही. हे त्या घरात सगळ्यांत जास्त मला कळायला हवं होतं, कारण धातूला बोट लागू न देणं हाच एके काळी माझा पोटापाण्याचा उद्योग होता.

जर्मनीतल्या एका विद्यापीठाच्या तळघरात आमची प्रयोगशाळा होती. तिथे एक स्टीलचं भांडं होतं, साधारण बंबाएवढं, पण त्याला चारी बाजूंनी इतकी तोंडं, नळ्या, खिडक्या आणि वायरी फुटलेल्या की पहिल्यांदा पाहणाऱ्याला ते अपघातात सापडल्यासारखं वाटावं. आम्ही त्याला चेंबर म्हणायचो. आत हवा जवळपास नाहीच: बाहेरच्या दाबाच्या दहा लाख कोटी पट कमी दाब. ते साधायला चेंबरभोवती हीटिंग टेप आणि ॲल्युमिनियम फॉइल गुंडाळून दोन-दोन दिवस भाजत ठेवायचं, म्हणजे भिंतींना चिकटलेलं पाणी सुटून पंपात जातं. तापलेल्या फॉइलचा आणि जुन्या टेपचा एक करपट वास त्या दोन दिवसांत अंगाच्या कपड्यांना बसायचा. टर्बो पंपाची बारीक शिट्टी इतकी सतत असायची की रविवारी घरी ती ऐकू येईना म्हणून झोप लागायची नाही.

आत असायचा चांदीचा एक स्फटिक, शर्टाच्या बटणाएवढा. त्याचा वरचा पृष्ठभाग अणू-अणूने सपाट हवा. म्हणून आर्गॉनच्या आयनांचा मारा करून वरचे थर खरवडून काढायचे, मग खडबडीत झालेली चांदी साधारण पाचशे अंशांना तापवून अणूंना आपापल्या जागी बसू द्यायचं, आणि परत मारा, परत तापवणं. एकदा फोनवर आईने विचारलं, आज काय केलंस. ‘दिवसभर चांदी घासली,’ मी म्हणाले. पलीकडे थोडी शांतता. ‘एवढं शिकून?’

तिचं बरोबरच होतं. पण स्वच्छ धातू ही वस्तू जगात नसते, हे मला तिथेच पहिल्यांदा नीट समजलं. आईचं गुलाबी ताम्हण हाताखालून निघतं त्याच क्षणी त्यावर हवेतलं काही ना काही बसलेलं असतं. साध्या हवेत पृष्ठभाग झाकून टाकण्याइतके रेणू त्यावर आपटायला एका सेकंदाचा काही अब्जावा भाग पुरतो. आमच्या चेंबरमध्ये तेच व्हायला काही तास लागायचे. म्हणजे इतका खटाटोप करून आम्ही काय मिळवत होतो, तर काही तास. त्या तासांत काय ते मोजायचं.

मोजायचं ते हे: अशा उघड्या चांदीवर सेंद्रिय रेणूंचा एकच थर बसला, तर चांदीच्या इलेक्ट्रॉनांचं काय होतं आणि रेणूच्या इलेक्ट्रॉनांचं काय. फोनच्या ओलेड पडद्यात धातूकडून रेणूंकडे वीज कशी शिरते याचं मूळ तिथे आहे, असं आम्ही अनुदानाच्या अर्जात लिहायचो. ते खरंही आहे. पण तळघरात रात्री दोनला बसलेल्या माणसाला पडद्याचं काही पडलेलं नसतं.

आमचा रेणू होता पीटीसीडीए. तो मुळात लाल रंगद्रव्यांच्या घराण्यातला; अडतीस अणूंचा लांबट, पाटासारखा सपाट रेणू. बाटलीतली पूड अगदी जुन्या कुंकवासारखी दिसते, इतकी की बाटली पहिल्यांदा उघडली तेव्हा माझा हात आपोआप अनामिकेवर चिमूट घ्यायच्या बेतात गेला होता. ही पूड चेंबरमधल्या छोट्या मुशीत तापवायची. रेणू वाफ होऊन उडतात, चांदीवर जाऊन आडवे निजतात आणि आपले आपण तिरक्या जोड्या लावून चटईची वीण घालतात. कुणी सांगावं लागत नाही. ही चटई नीट पडली आहे की नाही ते हिरव्या पडद्यावर उमटणाऱ्या ठिपक्यांवरून कळायचं. ठिपके टोकदार आले की प्रयोगातला माझा जोडीदार काहीही न बोलता कॉफी आणायला जायचा. तीच त्याची दाद.

मग दिवा लावायचा. हेलियमचा. त्यातला कामाचा प्रकाश, २१.२ इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जेचा, डोळ्यांना दिसत नाही. खिडकीतून दिसतो तो सोबतचा उजेड, अबोलीच्या फुलाच्या रंगाचा. मी देवगड तालुक्यातली. विजयदुर्गावर ‘साहेबाचे ओटे’ दाखवतात, १८ ऑगस्टला तिथे हेलियम दिवस करतात, आणि शाळेच्या सहलीत आम्हाला सांगितलं होतं की १८६८ च्या खग्रास ग्रहणात हेलियम इथेच सापडला. पुढे वाचलं तेव्हा समजलं की फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ यान्सेन त्या दिवशी गुंटूरला होता आणि इंग्रज लॉकियरने सूर्याच्या प्रकाशातली हेलियमची ती पिवळी रेघ पाहिली ऑक्टोबरमध्ये, इंग्लंडात बसून. हिरमोड झाला. तरी दिवा पेटला की मला किल्ल्याचा बुरूज आठवायचाच. कुठल्या गोष्टी खऱ्या आहेत यावर आठवणी थोड्याच चालतात.

त्या प्रकाशाने धातूतून इलेक्ट्रॉन उडतात. सगळ्यांत वेगाने येणारे धातूतल्या सर्वांत वरच्या भरलेल्या पातळीतले. सगळ्यांत हळू येणारे म्हणजे जेमतेम उंबरठा ओलांडू शकलेले. हा उंबरठा किती उंच, तो आकडा म्हणजे वर्क फंक्शन. आमच्या चांदीचा सुमारे ४.७ इलेक्ट्रॉन-व्होल्ट. १९९० च्या दशकापर्यंत बरेच जण असं धरून चालायचे की धातूवर रेणू ठेवला तरी दोघांचे उंबरठे आपापल्या जागी राहतात, बाहेरची पातळी दोघांना एकच. १९९९ मध्ये जपानमधल्या नागोयाच्या इशिई, सेकी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या वेळेपर्यंतची मोजमापं एकत्र करून दाखवलं की असं सहसा होत नाही. उंबरठा हलतो, आणि चांगला हलतो.

का हलतो, याची एक गोष्ट मी दरवर्षी वर्गात सांगते, अभ्यासक्रमात नसताना. धातूतले इलेक्ट्रॉन धातूच्या काठाशी थांबत नाहीत. ते थोडे बाहेर सांडलेले असतात, दुधावर साय धरावी तशी त्यांची एक पातळ झूल पृष्ठभागाबाहेर असते. ही बाहेरची ऋण झूल आणि आत उरलेला धन भार मिळून उंबरठा उंच करतात. आता त्यावर एखादा रेणू येऊन बसतो. असं समजा की तो अगदी अलिप्त आहे: धातूकडून एक इलेक्ट्रॉन घेत नाही, एक देत नाही. झेनॉनसारखा निष्क्रिय वायूसुद्धा घ्या. तरीही त्याचे स्वतःचे इलेक्ट्रॉन आहेत, आणि दोघांना एकाच जागी राहता येत नाही. धातूची झूल आत दाबली जाते. उशीवर डोकं टेकलं की खळगा पडतो तसा. या परिणामाला तिकडे उशीचंच नाव आहे. आणि तेवढ्याने उंबरठा अर्ध्या, कधी कधी एक इलेक्ट्रॉन-व्होल्टने खाली येतो. आमच्या किनाऱ्यावर भरती ओसरताना ओल्या वाळूवर पाय ठेवला की पायाभोवतीची वाळू क्षणभर कोरडी, फिकी पडते. त्यामागचं शास्त्र वेगळं आहे, पण मला दर वेळी तेच आठवतं. काही घेतलं नाही, काही दिलं नाही. नुसतं येऊन बसण्याने.

आता आमचा कुंकवाचा रेणू. सोन्यावर तो असाच अलिप्त राहतो, ३.२७ आंगस्ट्रॉम उंचीवर (एक आंगस्ट्रॉम म्हणजे मिलिमीटरचा एक कोटीवा भाग), आणि उंबरठा खाली जातो. चांदीवर मात्र तो २.८६ आंगस्ट्रॉमपर्यंत खाली उतरतो. फरक एका आंगस्ट्रॉमच्या निम्म्याहून कमी, पण तेवढ्यात सगळा संसार बदलतो: रेणूचा जो पहिला रिकामा मजला, त्यात चांदीचे इलेक्ट्रॉन राहायला येतात, आणि उडणाऱ्या इलेक्ट्रॉनांच्या आलेखात अगदी टोकाशी, जिथे आधी काहीच नव्हतं, तिथे एक नवं शिखर उगवतं. पण उंबरठा मोजावा तर जवळपास जागच्या जागी! झूल दाबल्याने तो खाली ढकलला गेला, इलेक्ट्रॉन रेणूत गेल्याने वर, आणि दोघांची जेमतेम फिटंफाट झाली. नुसता तो आकडा पाहणाऱ्याला वाटेल इथे काहीच घडलं नाही. पहिल्यांदा हे माझ्या स्वतःच्या मोजणीत आलं तेव्हा मी उपकरण बिघडलं असं समजून रात्रभर सगळं परत केलं होतं.

फेब्रुवारीतली गोष्ट. जोडीदाराचा प्रबंध संपत आला होता, एवढी एक मालिका बाकी. मी चेंबर उघडून स्फटिक धरणारी पट्टी बदलत होते. स्क्रू तांदळाच्या दाण्याएवढे. एक हातातून सुटला आणि हातमोज्याच्या चिमटीत येईना, म्हणून मी उजव्या हाताचा मोजा काढला, स्क्रू उचलला, लावला, आणि पट्टी नीट बसली का ते पाहायला तिच्या कडेला बोट टेकवलं. उघडं बोट. टेकवल्यावर कळलं. पुसायला हवं होतं. पुसायचं म्हणजे सगळं परत सोडवायचं, ध्वनिलहरींनी धुणाऱ्या अल्ट्रासॉनिकमध्ये घालायचं, अर्धा दिवस गेला. बाहेर बर्फ, साडेसहाची शेवटची थेट बस. एवढ्याशाने काय होतंय, असं मी मराठीत, मोठ्याने म्हणाले. झाकण लावलं, तांब्याची नवी रिंग घातली, बोल्ट समोरासमोरचे धरत आवळले, फॉइल गुंडाळलं आणि बस पकडली.

दोन दिवस भाजून झाल्यावरही दाब उतरेना. स्फटिक तापवला की दाबाचा काटा उसळायचा. हिरव्या पडद्यावरचे ठिपके पुसट, पावसात दिवे दिसावेत तसे. उघड्या चांदीचाच उंबरठा ४.४. म्हणजे ती उघडी नव्हतीच. उरलेल्या वायूंच्या वस्तुमानांचा आलेख काढला तर ४३, ५७, ७१ अशी शिखरं, चौदा-चौदाच्या अंतराने, पायऱ्यांसारखी. ही तेलाची, चरबीची खूण. मला पाहताक्षणी कळलं. पण पंपाचं तेल मागे झिरपलं तरी हुबेहूब असाच आलेख येतो, तेव्हा कळलं असंही शपथेवर सांगता येणार नाही. जोडीदार मात्र त्याच्या पुडीकडे बोट दाखवत होता. मुशीत नवी पूड त्याने भरली होती, घाईत, पुरती शुद्ध न करता. ‘माझी चूक आहे,’ तो म्हणाला. दुसऱ्या दिवशीही म्हणाला. तिसऱ्या दिवशी माझ्या टेबलावर एक चॉकलेट ठेवून गेला, माझे दिवस वाया घालवल्याबद्दल.

‘होतं असं कधी कधी,’ मी म्हणाले.

आम्ही चेंबर परत उघडलं. त्याने मूस फेकली, पूड दोनदा शुद्ध केली. मी गुपचूप पट्टी धुतली. सगळं एकदम बदललं, आणि सगळं एकदम सुधारलं, त्यामुळे दोष कुणाचा होता हे कायमचं झाकलं गेलं. एका वेळी एकच गोष्ट बदलावी, हे पहिल्या वर्षाच्या मुलांना मी आज शिकवते ते किती पोटतिडकीने शिकवते ते त्यांना माहीत नाही. नऊ दिवस गेले. त्याचा प्रबंध वेळेत झाला. ऋणनिर्देशात माझं नाव होतं, आणि पुढे, ‘तिच्या संयमासाठी’. ती प्रत माझ्या पुण्याच्या कपाटात आहे. मी ते पान उघडत नाही.

जर्मनीहून परतताना चेंबरच्या झाकणाच्या वापरलेल्या चार-पाच तांब्याच्या रिंगा घेऊन आले होते. त्या एकदाच वापरायच्या असतात. झाकणाची धार तांब्यात रुतते, जागा भरून काढते, मग ती रिंग बाद. आईने त्यांतली मोठी उचलली, तिच्यावर नखाने टकटक केलं आणि म्हणाली, ‘तांबं बरं आहे हो तिकडचं.’ तेव्हापासून कलशाखाली ती रिंग असते, म्हणजे कलश कलत नाही. तीही गणपतीच्या आधी चिंचेने घासली जाते. तिच्यावरची ती गोल खाच मात्र घासून जात नाही, आणि तिच्यात दर वर्षी थोडी चिंच अडकते.

ऑस्ट्रियातल्या ग्राट्सच्या संशोधकांनी २००९ मध्ये एक गंमत दाखवली होती. रेणूंतून सुटणारे इलेक्ट्रॉन कुठल्या दिशेने किती जातात याचा नकाशा काढला, की ते रेणूतल्या ज्या घरातून, म्हणजे ऑर्बिटलमधून, निघाले त्याचा आकारच मागे हिशेब करून मांडता येतो. बाहेर पडलेल्या ठशावरून आतलं घर ओळखायचं. सहा बेंझीनची माळ असलेला एक रेणू आणि पेंटासीन नावाचा दुसरा, तांब्याच्या स्फटिकावर आडवे घातलेले. तो लेख आम्ही दोघांनी एकाच छापील प्रतीवर, शेजारी बसून वाचला होता. त्याने समासात पेन्सिलीने उद्गारचिन्ह काढलं होतं. तो आता बॅटऱ्यांच्या कुठल्याशा कारखान्यात असतो. नाताळला शुभेच्छा पाठवतो. मीही पाठवते.

त्या दिवशी दुपारी दादा माटवीला, गणपतीवर टांगायच्या चौकटीला, कवंडळं आणि सुपाऱ्यांचे घोस बांधत होता आणि मी मागच्या पडवीत नारळ खवत बसले होते. आई ताम्हण परत घासायला घेणार होती, पण शेजारच्या काकी आल्या आणि ते राहिलं. भाची ते दोन्ही हातांनी कडेला धरून घेऊन आली. मधोमध अजिबात हात न लावता, हे माझ्या लक्षात आलं; असं धरायला कुणी शिकवलं नव्हतं तिला. तिने ते माझ्यासमोर जमिनीवर ठेवलं आणि आपलं बोट त्या ठशाच्या वर, न टेकवता, अधांतरी धरलं. तिचं बोट ठशाच्या निम्म्याएवढं होतं. ‘आजीचं बघितलं,’ ती म्हणाली, ‘तिच्या बोटाला रेषाच नाहीत. बाबांचं जाड आहे. आईचं कापलेलं आहे ना, तसं यात नाहीये.’

मी खवणीवरून नजर काढली नाही.

‘आत्या, तुझं बोट दे.’

‘हाताला नारळ लागलाय गं.’

‘मग पूस,’ ती म्हणाली.